सुताची पेज

आमच्या घरात भात शिजला की वरचं पाणी माणसासाठी नसे. पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, तांदळाला उकळी फुटून दाणे फुलू लागले, की आई गंजावर झाकण तिरपं धरून तो दोन्ही हातांनी वाकवायची आणि दाट, पांढरी, वाफाळती पेज चुलीशेजारच्या मडक्यात ओतायची. ते मडकं सुताचं होतं. दोन-तीन दिवसांची पेज साठली, थोडी आंबली, की त्यात तांदळाचं पीठ कालवून आई खळ शिजवायची. पांजणीच्या दिवशी सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा पसरला जाई. बाबूजी आणि दादा कुंचा खळीत बुडवून सुतावरून ओढत जात, आणि ऊन चढायच्या आत सूत वाळून ताठ होई. खळ बसली नाही तर सूत मागावर टिकत नाही. फणीच्या घासण्याने त्याला लव सुटते आणि ते तुटतं. हे आमच्या विणकर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून पेज कुणी पीत नसे. पिऊ नये असं कुणी सांगितलंही नव्हतं. दिव्यातलं तेल कुणी पितं का, तसंच ते.

घर लांबट आणि अरुंद होतं. पुढच्या खोलीत दोन माग, एक बाबूजींचा, एक दादाचा. मागाखाली कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बाबूजी सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. दोन्ही मागांचा आवाज एका लयीत कधी नसे. बाबूजींचा धोटा सावकाश आणि सारखा जायचा, दादाचा घाईत, मध्येच थबकणारा. त्या दोन आवाजांमध्ये बसून मी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवायची. उजवा हात चाक फिरवायचा, डावा सूत धरायचा, डोळे पुस्तकात. शाळा, रहाट, पुस्तक, अंथरूण, या चारांमध्ये माझं चालणं शाळेपुरतं होतं, आणि शाळा गल्लीच्या तोंडाशी होती. मी दहावीला होते. वाळकी, पिवळट, शांत. गल्लीतल्या बायका म्हणत, "अभ्यासाची पोरगी हाये, अंगाले लागत नाई तिच्या." मला ते ऐकून बरं वाटायचं. खाणारी माणसं आणि वाचणारी माणसं वेगळी असतात, अशी माझी एक समजूतच झाली होती.

आणि खाणं तरी काय होतं? सकाळी चहा. दहा वाजता पुन्हा चहा, कारण मागावरच्या माणसांना तो लागायचा आणि सगळ्यांसाठी एकदमच व्हायचा. दुपारी पुरुषांचं झालं की आई आणि मी बसायचो. भात, पातळ वरण, कधी वांग्याची भाजी उरली तर. त्यावर लगेच पुन्हा चहा, जेवण जिरावं म्हणून. त्यात मी परीक्षेसाठी उपास धरले होते. सोमवार आईचा होता, तो मी धरला. गुरुवार शाळेतल्या मैत्रिणीने सांगितला. शनिवार मी स्वतःच जोडला, गणितासाठी. उपासाच्या दिवशी एक वाटी साबुदाणा आणि बाकी चहा. आठवड्यातले तीन दिवस मी असे काढत होते आणि आपलं मन फार ताब्यात आहे असा अभिमान बाळगत होते.

दिवाळीनंतर मी शाळेच्या प्रार्थनेत पडले. डोळ्यांपुढे आधी उडत्या माश्यांसारखे काळे ठिपके आले, कानात माग लागल्यासारखा आवाज झाला, आणि मग एकदम मैदानाची माती गालाला लागली. पंधरवड्याने पुन्हा पडले. तिसऱ्यांदा घरीच, पाण्याची बादली उचलताना. तेव्हा बाबूजी मला बसने मोहाडीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. आई सोबत होती. डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाले, "अंगात रक्त फार कमी आहे. काय खाते ही?" आई म्हणाली, "सगळं खाते जी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, हिरव्या भाज्या खायला सांगितल्या, आणि जेवणावर चहा घेऊ नको, गोळीचा उपयोग होत नाही, असं दोनदा बजावलं. घरी आल्यावर जेवण झालं आणि आईने सवयीने चहा ठेवला. आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही.

त्या दिवशी बसमधून उतरताना बाबूजी जे बोलले ते मात्र माझ्या लक्षात राहिलं. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच होती. पुढचं कॉलेज मोहाडीला, अडीच कोसांवर. बाबूजी आईला म्हणाले, "परीक्षा देऊ दे. मंग पुरे. रोज इतकं लांब जाऊन रस्त्यात पडली तं कोन उचलीन? घरी राहीन, कांड्या भरीन." ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच मला भीती वाटली. रागात बोललेलं ते मागे घेत, शांतपणे बोललेलं कधीच नाही.

वहिनी त्याच वर्षी आमच्या घरी आली होती. शकुंतला तिचं नाव. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी, सावळी, ठेंगणी, पायांनी मजबूत. तिचं माहेर पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या जवळचं खेडं. धानाची शेती, तलाव, मागे जंगल. विणकराच्या घरात शेतकऱ्याची मुलगी येणं आमच्याकडे फारसं होत नव्हतं. दादाने हट्टाने केलेलं लग्न होतं ते. आल्यावर पहिले काही दिवस ती मागाच्या आवाजाला दचकायची. "चोवीस तास कोनी दार ठोकून राहिल्यासारखं वाटते बाप्पा," असं म्हणायची. पण तिला खरा धक्का बसला तो चुलीपाशी. पहिल्यांदा आईने तिच्यादेखत पेज मडक्यात ओतली तेव्हा वहिनी वाटी हातात घेऊन उभीच होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी.

"आत्याबाई, पेज कोनाले?"

"सुताले."

"आन् मानसाले?"

"मानसाले भात हाये ना!" आई हसून म्हणाली. "तुमच्याकडं मानसं पेज पेतात?"

"आमच्याकडं पेज पेल्याबिगर कोनी घराबाहेर पाय नाई टाकत," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुमच्या घरचं सूत तुमच्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी हाये, सुमनबाई."

वहिनी वारली त्याला आता पाच महिने होतील. मी रोज सकाळी एखादं पान लिहिते, कधी अर्धंच. ती गेल्यानंतर पहिला महिनाभर मीही जेवत नव्हते. एकटीसाठी काय करायचं म्हणून चूल, म्हणजे गॅस, पेटवायचाच नाही. चहा आणि दोन बिस्किटं. दिवसभर खुर्चीत. मग एका दुपारी जिना चढताना पायात शिसं भरल्यासारखं झालं, कठडा धरून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे तेच काळे ठिपके आले. इतक्या वर्षांनी मी त्यांना लगेच ओळखलं. दुःख मनाचं असतं असं आपण म्हणतो, पण ते पायांत उतरतं, हे मला सोळाव्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा मला दुःख नव्हतंच, नुसती उपासमार होती. तरी दोन्हींत अंग सारखंच वागलं. त्या दुपारी मी जिन्यावरूनच परत वळले, तांदूळ धुतले, आणि जास्तीचं पाणी घातलं. तिथून पुढे हे लिहिणं सुरू झालं.

तर वहिनीने मला बाजूला घेतलं ते दवाखान्यातून आल्यावर चार-पाच दिवसांनी. सोमवार होता. मी उपासाचा चहा पीत बसले होते.

"आज कोनाचा उपास?"

"महादेवाचा."

"आन् गुरुवारी?"

"थो परीक्षेसाठी."

"सुमनबाई, परीक्षा देवाले द्याची हाये का तुमाले?" ती पदर तोंडाशी धरून हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "पुढं शिकाचं हाये ना? मामाजी नाई पाठवत, तुमी पडता म्हनून. मंग पडाचं नाई. हे पूजेनं नाई होत. थे मी करतो, फक्त कोनाले सांगू नका."

दुसऱ्या दिवसापासून आई अंगण सारवायला गेली की वहिनी मडक्यात जाणारी पेज आधी एका मोठ्या वाटीत काढायची. वरची पातळ नाही, तळची दाट, चार शितं असलेली. त्यात मीठ, आणि सोबत चिमूटभर जवसाची चटणी. मी मोरीच्या आडोशाला उभी राहून ती प्यायची. पहिल्या दिवशी मला मळमळलं, कारण नाकाला तो वास खळीचा होता, आपण सूत पितो आहोत असं वाटलं. चौथ्या दिवशी जिभेला तिची गोडी कळली. आणि जेवणानंतरचा माझा चहा वहिनी स्वतः पिऊन टाकायची. "मले दोन लागतात," असं ती आईला बिनदिक्कत सांगायची. आई कुरकुरत म्हणायची, "शेतकऱ्याची पोरगी, चहाले लई हावरी."

दुसरी गोष्ट चालण्याची. आमच्या गल्लीत बाईमाणूस बिनकामाचं चालत नसे. नुसतं फिरायला निघालेली मुलगी म्हणजे उद्याच्या चर्चेला विषय. म्हणून वहिनीने बादली घेतली. सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघी तलावावर कपडे धुवायला निघायचो. तलाव गावाबाहेर, पाळीवरून, म्हणजे त्याच्या बांधावरून, पूर्ण चक्कर मारली तर चांगलं अर्ध्या तासाचं अंतर. पण रोज धुवायला एवढे कपडे कुठले? बाबूजींची दोन धोतरं होती, तीच आम्ही आळीपाळीने धुवायचो. हातपंपावरची एक शेजारीण एकदा म्हणालीच, "अवो शकुंतले, कालचंच धोतर आज पुन्हा? तुया सासरा मागावर बसते का चिखलात?" वहिनी म्हणाली, "मोठे स्वच्छ हायेत आमचे मामाजी." महिन्याभरात त्या धोतरांची किनार विरली. बाबूजी आईला म्हणायचे, "आपनच विनलेलं कापड, आन् इतक्यात विरून राहिलं. सुतातच खोट दिसते."

पहिल्या आठवड्यात पाळीवर अर्धी चक्कर झाली की माझ्या बरगडीखाली कळ यायची, मांड्या थरथरायच्या, आणि मी बसकण मारायची. वहिनी थांबायची, पण उठवायची. "बसलं का पाय आळशी होतात. उभ्यानं दम घ्या." दुसऱ्या आठवड्यात कळ आली, पण बसावं लागलं नाही. मग एक दिवस, कोणता ते आठवत नाही, पाळीवरच्या एका दगडापाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहे. चालता चालता बोलते आहे, पुस्तकातली एक गोष्ट वहिनीला सांगते आहे, आणि दम लागलेला नाही. त्याच दिवशी अकराच्या सुमारास रहाटावर बसले असताना पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. मला वाटलं, दुखतंय. वहिनीला सांगितलं. ती इतकी हसली की तिला भाकरी थापायचं सोडून भिंतीला टेकावं लागलं. "अवो, भूक हाये थे!"

पण घरातल्या मडक्याचा हिशेब वहिनीला कळत नव्हता. तिला वाटलं, दाट पेज काढली तर तेवढं पाणी घालून ठेवावं, मडकं भरलेलं दिसलं म्हणजे झालं. शेतकऱ्याच्या घरी चूक ठरली नसती. आमच्या घरी मात्र ती दुसऱ्याच पांजणीत उघडी पडली. ताणा मागावर चढवून बाबूजी बसले त्या सकाळी मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. माग सुरू झाला, थांबला. सुरू झाला, पुन्हा थांबला. बाबूजींचा माग कधी थांबत नसे. मी पुस्तकातून मान वर केली. आई चुलीपासून उठून दाराशी आली. पुढच्या खोलीत बाबूजी वाकून तुटलेली टोकं बोटांत पिळून सांधत होते. एक सांधलं की दोन तुटत होती. सुतावर कापसासारखी लव उभी राहिली होती.

बाबूजींनी ताण्यावरून अंगठा फिरवला, तो जिभेला लावला आणि म्हणाले, "खळीत पानी कोनं टाकलं?"

"मी कायले टाकीन?" आई म्हणाली. "लगन झाल्यापासून खळ शिजवून राहिली मी."

"मंग कोनं?"

"मी टाकलं, मामाजी," वहिनी म्हणाली.

दादाचा माग बंद पडला. गल्लीतल्या दुसऱ्या घरांतले माग ऐकू येऊ लागले. वहिनीने सगळं सांगितलं. पेज कुणाला दिली, कधीपासून. चहाचं सांगितलं. धोतरांचंही सांगितलं, ते खरं तर सांगायची काही गरज नव्हती. मी दाराआड उभी होते. पुढे जाऊन "मी पेली" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझ्यासाठी तिने ते सगळं अंगावर घेतलं आणि मी चौकट धरून उभी राहिले. पुढे कितीतरी वेळा मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणायची, "तुमी बोलल्या असत्या तं रडल्या असत्या, आन् मामाजीले रडनं नाई जमत."

बाबूजींनी तुटलेलं एक टोक चिमटीत उचललं. मग म्हणाले, "पूर्ण ताणा वाया गेला. पोरगी सुधरून राहिली का नाई, थे मले मागावर बसून दिसत नाई. सूत तुटलेलं दिसते."

"मंग मागावरून उठून पाहा ना, मामाजी," वहिनी म्हणाली.

आईने तोंडावर हात ठेवला. लग्नाला वर्ष न झालेल्या सुनेने सासऱ्याला असं म्हटलेलं आमच्या गल्लीने ऐकलं नव्हतं. बाबूजींनी धोटा खाली ठेवला. ते खड्ड्यातून वर आले, पायात वहाणा घातल्या आणि बाहेर निघून गेले. दिवसभर दादा तुटलेली टोकं सांधत बसला. वहिनी जेवली नाही. संध्याकाळी बाबूजी परत आले, हातपाय धुतले, ताटावर बसले आणि ताटाकडे पाहतच आईला म्हणाले, "तिच्या वाट्याचे तांदूळ जास्तीचे टाकत जा. पेज तिले. खळ निस्त्या पिठाची कर, थोडी घट्ट." एक घास खाऊन पुन्हा म्हणाले, "आन् माह्यं धोतर रोज धुवू नका. निस्तं फिरून या."

तेव्हापासून आम्ही रिकाम्या हातांनी जाऊ लागलो. गल्लीने चार दिवस पाहिलं आणि मग पाहणं सोडलं. पण पुढच्या शिक्षणाबद्दल बाबूजी काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

परीक्षा संपली आणि वहिनी माहेरी गेली, मोहफुलांसाठी. मला सोबत नेलं. तिच्या गावाचं आठवतं ते आधी वासाने. पहाटे अख्खं रान गोड, दारूसारख्या जड वासाने भरलेलं असायचं. उजाडायच्या आत तिची आई आम्हाला उठवायची. आधी पेज, गरम, मोठा वाडगाभर. मग टोपल्या घेऊन चालत मोहाच्या झाडांपर्यंत. झाडाखाली फुलं पडलेली असायची, फिकट पिवळी, रसाने फुगलेली. ती एकेक वाकून वेचायची. पहिल्या दिवशी शंभरदा वाकले असेन, संध्याकाळी मला पाठ आहे हे पहिल्यांदा समजलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येईनात. वहिनीचे वडील, डोक्याला पंचा बांधलेले, गमतीने विचारायचे, "काय मास्तरीनबाई, पुस्तक वाचनं सोपं का फुलं वेचनं?" मी म्हटलं, "पुस्तक वाचनं." ते म्हणाले, "मंग फुलं वेचा. सोपं तं कधीबी होते."

तिथे जेवायला तांबूस तांदळाचा भात असायचा, आटत चाललेल्या तलावातल्या लहान मासोळ्या असायच्या, आणि चिवळीची भाजी, लसूण घालून, वर लिंबू पिळून. दुपारी मोहफुलं भाजून जवसाबरोबर कुटलेला लाडू. मी किती खात होते हे मलाच कळत नव्हतं. पुस्तकं नेली होती दोन, एकच उघडली. आडवी झाले की झोप लागायची, आणि सकाळी जाग यायची ती अंग हलकं होऊन. आधी मी रोज थकलेलीच उठायची, आणि झोपून उठल्यावर सगळ्यांना तसंच वाटत असणार असा माझा समज होता. सोळा वर्षं मी एक जड गोणी पाठीवर घेऊन चालले आणि ती माझी पाठच आहे असं समजले, असं काहीसं मला तेव्हा वाटलं. गोळ्या मी रोज घेत होते, हेही लिहिलं पाहिजे. पुढे शिक्षिका झाल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांना मी विचारलं होतं, मला नेमकं कशाने बरं वाटलं, गोळ्यांनी, जेवणाने, की चालण्याने? ते म्हणाले, "तीन बैल लावल्यावर गाडी कोणी ओढली, हे कसं सांगू?" माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. पण ते औषधात बसत नाही.

निकाल लागला तेव्हा मी पहिल्या वर्गात पास झाले होते. घरात पेढे आले. वहिनीने मोहाडीहून कॉलेजचा फॉर्म आणवला, मी तो भरला. पालकाची सही तेवढी राहिली. फॉर्म बाबूजींच्या मागाशेजारी, कांड्यांच्या टोपलीत, आठ दिवस पडून होता. ते तो उचलून पाहायचे आणि परत ठेवायचे. वहिनीने विचारलं तर म्हणायचे, "पाहू." शेवटची तारीख आली त्या सकाळी ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार झाले. मला म्हणाले, "चाल. तिथं जाऊन पाहू." आईने मला दही-साखर दिली. वहिनीने माझ्या हातात पेजेचा वाडगा दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

बस आली नाही. फाट्यावर तासभर वाट पाहिली. मग एका सायकलवाल्याने सांगितलं की बस आधीच्या गावातच बंद पडली आहे. दादा आमची सायकल घेऊन सूत आणायला गेला होता. फॉर्म दुपारी एकपर्यंतच घेणार होते. मी बाबूजींकडे पाहिलं. आता ते घरी चल म्हणतील, मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना कुणी दोषही दिला नसता.

"अडीच कोस हाये," ते म्हणाले.

"हो."

"उन्ह हाये."

"हो, बाबूजी."

ते माझ्याकडे पाहत होते, सुतावरून अंगठा फिरवताना पाहत तसे. मग त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि चालू लागले.

पहिला अर्धा कोस ते माझ्या पुढे होते. सारखे मागे वळून पाहायचे, मी पडते का म्हणून. मग आम्ही बरोबरीने चाललो. दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या पसरल्या होत्या, पाऊस अजून यायचा होता, जमीन तडकलेली. पाय आपोआप पडत होते, पाळीवरच्यासारखे, एका लयीत. हळूहळू मला एक आवाज ऐकू येऊ लागला. बाबूजींचा श्वास होता तो. चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचा श्वास. ते धापा टाकत होते, पण थांबत नव्हते. त्यांच्या कपाळावरचा घाम रुमालाखालून गळत होता. मी पावलं हळू केली. ते म्हणाले, "हळू काहून चालून राहिली? एक वाजून जाईन."

निम्म्याच्या पुढे एक चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत आल्यावर ते खाली बसले. बसले कसले, आदळलेच. मी घाबरले. पाण्याची बाटली दिली. ते प्यायले, डोळे मिटून थोडा वेळ झाडाला टेकले. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून वर. मी उभी होते. मला दम लागला होता, चेहरा तापला होता, पण मी सरळ उभी होते, आणि डोळ्यांपुढे फक्त रस्ता दिसत होता.

"तुले चक्कर नाई आली?"

"नाई."

"पाय दुखून राहिले?"

"थोडे."

त्यांनी हात पुढे केला. "दे तो कागद. पेन हाये?"

त्यांनी फॉर्म मांडीवर ठेवला, खाली माझी गुणपत्रिकेची फाईल, आणि सही केली. सही रेघेच्या बाहेर गेली. बोटांना कापसाचा बारीक धागा उचलायची सवय, पेन त्यांना कधी नीट धरता आलं नाही. कागदावर फुंकर मारून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"तू हो पुढं. मी येतो मागून."

"तुमाले सोडून?"

"मले काय होते? सावली हाये, पानी हाये. तू चाल. अन् मागं नको पाहू सारखी, त्यानं चाल मोडते."

मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा ते बसलेलेच होते. दुसऱ्यांदा उठून उभे राहिले होते आणि लांबूनच हात हलवून मला पुढे हाकत होते. त्यानंतर रस्त्याला वळण होतं.

कॉलेजच्या व्हरांड्यात रांग संपत आली होती. कारकुनाने फॉर्म चाळला, वाकडी सही पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामाने चिंब, वेणी सुटलेली, चपलांवर धुळीचा थर.

"एकटीच आली का? बाप कुठं हाये तुया?"

"येऊन राहिले," मी म्हटलं. "मी जरा भरभर आली."